दुसरीच्या वर्गातला मेक्सिको : एका शालेय सोहळ्याच्या आखणीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या मध्य भागातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेतलं आहे. दुसरीचा वर्ग, २३ मुलं. सात घरं भारतीय, त्यांतली तीन मराठी. पाच घरं मेक्सिकोतून आलेली. बाकी पोलिश, इजिप्शियन, डोमिनिकन आणि काही पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. जवळच न्यू ब्रन्सविक आहे. मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या वाहाका राज्यातून आलेल्या लोकांची तिथे मोठी वस्ती आहे. हापूस हाताशी नसला की इथली मराठी घरं आमरसासाठी जो पिवळाधमक, पातळ कोयीचा आताउल्फो आंबा आणतात, तो मेक्सिकोचाच. म्हणजे एकमेकांच्या दुकानांतून आमची ये-जा असते. घरांतून मात्र फारशी नसते.

वर्गशिक्षिकेने मे महिन्यातली एक दुपार 'मेक्सिकन सोहळ्या'साठी ठेवली. वेळ दीड तास. जागा वर्ग आणि मागचं मैदान. पालक संघाकडून २०० डॉलर. आखणी रूम पेरेंट म्हणून, म्हणजे वर्गाच्या कार्यक्रमांत मदत करणाऱ्या पालक म्हणून, आम्हा तिघींकडे आली. असं काम परदेशातल्या मराठी पालकांच्या वाट्याला हमखास येतं, आणि ते नीट कसं करावं हे कुणी सांगत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर मांडते आहे.

पहिला आराखडा

शाळेकडे आधीच्या वर्षांची यादी तयार होती. तारीख ५ मे. दुकानातून पार्टीच्या सामानाचं पाकीट आणायचं: कागदी सोंब्रेरो टोप्या, चिकटवायच्या मिशा, फुग्यांचे निवडुंग. जेवायला कडक कवचाचे टाको. मेक्सिकन घरांतल्या पाच मुलांनी उभं राहून 'आपल्या देशाबद्दल' दोन-दोन वाक्यं बोलायची. शेवटी पिन्याता, म्हणजे आत खाऊ भरलेली टांगती कागदी आकृती, काठीने फोडायची. यादी करणाऱ्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मुलांना मजा येते, तासाभरात आटोपतं आणि कुणाला विशेष तयारी लागत नाही.

तरी यादी वाचताना मला शाळाशाळांतला 'इंडिया डे' आठवत राहिला. समोसे, हिंदी सिनेमाचं गाणं, कपाळावर टिकल्या, आणि आपलं पोर त्या गर्दीत आपलं असं काही शोधत उभं. कोल्हापूरहून आलेल्या घरातल्या मुलाला तिथे कोल्हापूर सापडत नाही आणि इंफाळच्या मुलीला इंफाळ. मेक्सिकोत ३१ राज्यं आणि राजधानीचं शहर. स्पॅनिशखेरीज ६८ मूळ भाषांना तिथल्या कायद्याने राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिलेला. एकट्या वाहाकात ५७० नगरपालिका आहेत. एवढा देश दीड तासात साजरा करता येत नाही. त्यातल्या एखाद्या गावातली मुलं एखाद्या दिवशी जे करतात, ते मात्र नक्की करता येतं. आमचे पुढचे सगळे निर्णय या एका विचारातून निघाले.

तारखेचा प्रश्न

५ मे, म्हणजे 'सिंको दे मायो', हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असल्याचा समज अमेरिकेत फार पसरलेला आहे. स्वातंत्र्याचा दिवस १६ सप्टेंबर. १८१० साली दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या पाद्र्याने उठावाची हाक दिली, त्याची आठवण. ५ मे १८६२ ची गोष्ट निराळी. राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी १८६१ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. ते वसूल करण्याच्या निमित्ताने स्पेन, ब्रिटन आणि फ्रान्सची जहाजं आली. पहिले दोघे तडजोड करून परतले, फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याचं सैन्य मात्र राजधानीकडे निघालं. वाटेत पुएब्ला शहरापाशी जनरल इग्नासिओ सारागोसा यांच्या तुलनेने दुबळ्या फौजेने त्याला मागे रेटलं. वर्षभराने फ्रेंचांनी पुएब्ला घेतलंच, आणि ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या मॅक्सिमिलियनला सम्राट म्हणून गादीवर बसवलं. १८६७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा तो अध्याय संपला.

पुएब्लात हा दिवस अजूनही मोठ्या दिमाखात होतो. अमेरिकेत तो रुजवला कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मेक्सिकन लोकांनी, तोही १८६० च्याच दशकात. इकडे यादवी युद्ध चालू होतं आणि पुएब्लाची बातमी त्यांना गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्यांविरुद्धच्या लढाईशी जोडलेली वाटली. हा इतिहास मानाचा आहे. पण १९८० नंतर बिअर कंपन्यांच्या जाहिरातींनी त्या दिवसाचं जे करून ठेवलं, ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात आणण्यासारखं नाही. शिवाय लढाईचा दिवस मुलांनी खेळावं तरी कसा?

उत्तर एका आईकडून आलं. मूळच्या वाहाकाच्या; मुलगी आमच्याच वर्गात. शाळा सुटताना फाटकापाशी त्यांनी मला सहज विचारलं, "मुलांसाठीच करताय ना? मग मुलांचा दिवस का नाही घेत? तो ३० एप्रिलला असतो."

मेक्सिकोत ३० एप्रिल हा बालदिन, 'दिआ देल निन्यो'. १९२० च्या दशकापासून चालत आलेला. त्या दिवशी शाळेत अभ्यास नसतो. खेळ, खाऊ, आणि शिक्षकच सोंगं घेऊन मुलांसमोर नाचतात. अमेरिकेत याच तारखेला कवयित्री पॅट मोरा यांनी १९९६ मध्ये मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस सुरू केला आणि इथली अनेक ग्रंथालयं तो पाळतात. म्हणजे शाळेला परकं वाटावं असंही काही नव्हतं. शिक्षिकेला हे सांगितल्यावर तिने दिनदर्शिकेत तारीख तिथल्या तिथे बदलली. तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

कुणी बोलायचं, कुणी नाही

यादीतली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे पाच मुलांची भाषणं. त्यांतला एक मुलगा न्यू जर्सीतच जन्मलेला. मेक्सिको त्याने पाहिलेलाही नाही. त्याची आई म्हणाली, नाव पुकारलं की तो बाकाखाली लपेल. दुसऱ्या एका घरी आजी मिश्तेक ही तिकडची मूळ भाषा बोलते, स्पॅनिश तिला जेमतेम येतं. 'तुमची भाषा स्पॅनिश' असं वर्गासमोर जाहीर झालं असतं, तर त्या घरातली मूळ भाषा सगळ्यांदेखत पुसली गेली असती. वर्गातलं मूल प्रदर्शनातली वस्तू नसतं, आणि आडनाव पाहून त्याला एका देशाचा वकील नेमणं तर अन्यायच.

म्हणून चिठ्ठी सगळ्या २३ घरी गेली, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, एकाच प्रश्नासह: तुम्ही लहानपणी घरात बसून कोणता खेळ खेळायचात? कुणालाही वेगळं काढलेलं नव्हतं, त्यामुळे उत्तरं मोकळेपणाने आली. मेक्सिकन घरांपैकी तिघांनी एकच नाव लिहिलं, 'लोतेरिआ'. भारतीय घरांतून हाऊजी, सापशिडी आणि एका घरातून सागरगोटे. दुपारचा मुख्य खेळ असा ठरला, आणि तो कुणावर लादावा लागला नाही.

वाहाकाच्या त्या आई स्वतःहून मदतीला आल्या. त्यांनी विचारलं, मुलीने गावचं भरतकामाचं ऊइपील, म्हणजे सैलसर झगा, घातलं तर चालेल का? आम्हा तिघींत यावर बरीच चर्चा झाली. एकीचं म्हणणं, टोप्या-मिशा नको म्हटलं तर पोशाखही नको, नियम सर्वांना सारखा. मला ते पटलं नाही. घरात असलेला, आजीने दिलेला, लग्नकार्यात घालायचा कपडा मूल हौसेने घालून येतं, त्यात आणि दुकानातून आणलेल्या मिशीत काही साम्य नाही. शेवटी चिठ्ठीत लिहिलं: ज्याला आपल्या घरचा सणाचा कपडा घालायचा आहे त्याने घालावा, नसेल तर रोजचे कपडे. त्या दिवशी ऊइपील आलं, दोन झब्बे आले, एक परकर-पोलकं आलं, आणि बाकी सगळे टी-शर्टात.

लोतेरिआ

हा खेळ हाऊजीसारखाच, फक्त आकड्यांच्या जागी चित्रं. ५४ पत्ते, प्रत्येकावर एक चित्र आणि नाव: कोंबडा, चंद्र, कलिंगड, बेडूक, छत्री, विंचू, वीणेसारखी हार्प. प्रत्येकाच्या पाटीवर चार गुणिले चार असे १६ चौकोन. पुकारणारा पत्ता काढतो आणि नुसतं नाव न घेता त्यावर कोडं किंवा यमक जुळवून सांगतो. चित्र आपल्या पाटीवर असलं की त्यावर राजम्याचा दाणा ठेवायचा. खेळ युरोपातून अठराव्या शतकात आला, पण आज घरोघरी दिसतात ती चित्रं क्लेमेंते जाक यांच्या कंपनीने १८८७ साली छापायला घेतलेल्या संचामुळे रूढ झाली.

संच जुना असल्यामुळे काही चित्रंही जुन्या नजरेची आहेत. एका पत्त्यावर दारुडा आहे, एकावर बाटली. एकावर कृष्णवर्णीय माणसाचं आणि एकावर अपाचे आदिवासीचं, दोन्ही आज पाहवणार नाहीत अशा ठोकळेबाज वळणाची. एक सुरा घेतलेला शूर गडी, एक उघड्या छातीची जलपरी. हे सहा पत्ते आम्ही काढले; उरले ४८. मृत्यूचा सांगाडा ठेवायचा की नाही यावर शिक्षिका साशंक होती. वाहाकाच्या आईंनी सांगितलं की त्यांच्याकडची मुलं त्याला घाबरत नाहीत, तो घरातलाच असतो. तो राहिला.

विकतच्या पाट्यांवर ते सहा चौकोन छापलेले असतातच, म्हणून पाट्या नव्या कराव्या लागल्या. पण त्या मुलांनीच केल्या, आदल्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला. फळ्यावर ४८ नावं, त्यांतून १६ निवडून काढायची. हा बदल नाइलाजाने झाला आणि सगळ्यांत जास्त फळाला आला, कारण स्वतः काढलेल्या विंचवावर दाणा ठेवताना मूल त्याचं नाव विसरत नाही. खेळाच्या दिवशी पहिल्या गटाचा डाव लांबत चालला. सोळाही घरं भरेपर्यंत सात वर्षांची मुलं चुळबुळतात. पुढच्या गटापासून एक ओळ भरली की जिंकलं असं केलं, तेही मेक्सिकोत चालतंच. पुकारणं मुलांनीच केलं. "डोक्यावर धरते पण केस विंचरत नाही" ही छत्रीसाठीची ओळ एका इजिप्शियन मुलीने जागच्या जागी जुळवली.

चॉकलेट, आणि खाण्याची बाकी गणितं

खाण्यात अडचणींची यादी मोठी होती. एका मुलाला बदाम-काजूसारख्या सुक्या मेव्याची गंभीर अ‍ॅलर्जी, एकाला तिळाची. चार घरं पूर्ण शाकाहारी, दोन घरी डुकराचं मांस आणि चरबी वर्ज्य. मेक्सिकन स्वयंपाकात या सगळ्या गोष्टी दिसत नाहीत अशा जागी असतात. तमालेच्या, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या उंड्यांच्या, पिठात आणि घोटलेल्या घेवड्यात बहुतेकदा डुकराची चरबी असते. मोले या रश्शात शेंगदाणे, बदाम, तीळ वाटून घातलेले असतात. आणि वाहाकाच्या पिण्याच्या चॉकलेटच्या वड्यांत कोको, साखर, दालचिनी यांच्यासोबत अनेकदा बदामही कुटलेला असतो. 'चॉकलेटच तर आहे' म्हणून कुणी वडी उकळली असती, तर प्रसंग ओढवला असता.

तरी चॉकलेट सोडायचं नव्हतं. ते त्या गावचं खरंखुरं आहे, आणि ते करताना मुलांच्या हाताला काम मिळतं. वेष्टनावरची घटकांची यादी वाचून, सुका मेवा हाताळलाच जात नाही असं लिहिलेली कोको पावडर घेतली. साखर आणि दालचिनीही तशाच तपासून. पाण्यातच केलं, वाहाकात पाण्यातलं चॉकलेट सर्रास पितात, त्यामुळे दुधाचा प्रश्नही मिटला. वर्गात चूल चालत नाही, म्हणून घरून करून थर्मासमध्ये आणलं आणि कोमट होऊ दिलं.

ते घुसळायला 'मोलिनियो' लागतो. कोरीव लाकडी दांडा, खाली खाचा पाडलेला गोळा, मध्ये सैल फिरणाऱ्या लाकडी कड्या. दोन तळव्यांत धरून पुढे-मागे फिरवायचा की वर फेस येतो. ताकाची रवी पाहिलेल्या मराठी मुलांना हात कसा ठेवायचा ते सांगावं लागलं नाही. त्या आई प्रत्येकाच्या भांड्यापाशी थांबून फेस किती आला ते पाहत होत्या; फेस नसेल तर चॉकलेट झालंच नाही, असा त्यांचा दंडक. दालचिनी त्यात आली कुठून, हा प्रश्न एका मुलाने विचारला, आणि तिथे शिक्षिकेने भिंतीवरचा नकाशा वापरला. मेक्सिकोत आवडीची दालचिनी श्रीलंकेची. उलट वाटेने मका, मिरची, टोमॅटो, पेरू, सीताफळ आणि झेंडू अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आले. मुलांनी नकाशावर दोन्ही दिशांना दोरे लावले. मिरची भारताची नव्हे हे ऐकून आमच्या घरच्या मुलाने जेवणापर्यंत तोंड फुगवलं होतं.

बाकी खाऊ साधा ठेवला: मक्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ पोळ्या, त्यांत चरबीविना शिजवलेला काळा घेवडा, आताउल्फो आंब्याच्या फोडी, लिंबू आणि मीठ, तिखट ज्याचं त्याने वेगळं घ्यायचं. मेक्सिकोत आंबा रस्त्यावर असाच खातात, आपण कैरी खातो तसा. चिंच-मिरचीच्या गोळ्या मात्र टाळल्या. आयात होणाऱ्या अशा काही गोळ्यांत पूर्वी शिसं सापडलेलं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये लहान मुलांच्या मिठाईसाठी दर दहा लाख भागांत ०.१ भाग शिसं ही कमाल मर्यादा सुचवली. दुकानातली नेमकी कोणती गोळी त्यात बसते, हे पालकाला पाकीट बघून कळत नाही.

कागद आणि पिन्याता

सजावटीला 'पापेल पिकादो', म्हणजे नक्षी कापलेल्या पतंगी कागदाच्या पताका. पुएब्ला राज्यातल्या सान साल्वादोर विश्कोलोत्ला गावचे कारागीर कागदांची थप्पी करून छिन्नी-हातोडीने ती कापतात. मुलांनी घड्या घालून कात्रीने केल्या. कुणीतरी काड्यांवर लोकर गुंडाळून 'देवाचा डोळा' करायचं सुचवलं होतं. मेक्सिकोतल्या विशारिका या मूळ रहिवाशांची ती पूजेची वस्तू आहे, म्हणून घेतली नाही.

पिन्याता खरं तर नाताळच्या आधीच्या नऊ रात्रींच्या 'पोसादा' उत्सवाशी जोडलेली; सात टोकांची चांदणी, सात पापं फोडायची, आत संत्री, ऊस, शेंगदाणे. आता ती बारा महिने वाढदिवसांना असते, त्यामुळे बालदिनाला गैर नव्हती. मातीच्या मडक्याऐवजी नुसती कागदी घेतली. वाद झाला तो आतल्या गोष्टींवरून. शाळेला गोंधळ नको होता. प्रत्येकाच्या नावाची पिशवी तयार ठेवून वाटून टाकावी असं त्यांचं म्हणणं. त्या आई म्हणाल्या, जमिनीवर झेपावून गोळा करणं हाच तर खेळ आहे, वाटायचंच असेल तर फोडता कशाला? दोघांचंही ऐकलं. आत हलक्या सुट्या वस्तू भरल्या, खोडरबर, चिकटचित्रं, पेन्सिली. आणि घरी नेण्याची पिशवी, एक संत्रं आणि एक जुनं पण चांगलं पुस्तक प्रत्येकाला वेगळं. मैदानावर खडूचं वर्तुळ काढलं, काठी हातात असलेल्याशिवाय आत कुणी नाही, डोळे बांधणं ऐच्छिक. बाकाखाली लपेल असं वाटलेल्या मुलाने काठी मागून घेतली आणि तिसऱ्याच फटक्यात एक टोक पाडलं.

दीड तास पुरला, पण जेमतेम. तीन गट तीन टेबलांवर फिरवले. फिरण्यातच बराच वेळ जातो आणि तो आराखड्यात धरावा लागतो. पैसे २०० च्या आत राहिले, कारण पार्टीचं पाकीट घेतलं नाही. सगळ्यात मोठा खर्च पुस्तकांचा झाला.

पुढे

शिक्षिकेने नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसांबद्दल विचारलं. ते १ आणि २ तारखेला असतात. घरात वेदी मांडून गेलेल्यांचे फोटो, पाव, झेंडूची फुलं. माझं मत, वर्गात ते करावं, पण फक्त एखाद्या कुटुंबाने पुढाकार घेतला तर. आणि ज्या मुलाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल त्याच्या पालकांशी आधी बोलून. सजावट म्हणून तर कधीच नाही.

मुलं तिसरीत गेल्यावर दिवाळीची आखणी आमच्याकडे आली. या वेळी मदतीला वाहाकाच्या त्या आई होत्या, आणि रांगोळी, दिवे, हिंदी गाणी अशी यादी वाचून त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला: तुमच्या गावी मुलं त्या दिवसांत काय करतात? यादी बाजूला ठेवली आणि किल्ला करायचं ठरलं. शाळेच्या बागेतली माती मिळाली, किल्ल्यावर पेरायचं अळीव जवळच्या एडिसन गावातल्या दुकानात मिळालं. मावळे मुलांनी मातीचेच केले, आणि पाच गटांनी पाच किल्ले बांधले. एका गटाने बुरुजावर पापेल पिकादोच्या पताका लावल्या. त्या तशाच राहू दिल्या.